ओव्हनमधले स्प्रिंग रोल, वॉन्टन आणि तिळाचे शाओबिंग, सोबत थंडगार वाइन

इंदूरमधे राहून घरी तळण काढायचं म्हणजे जरा हिंमतच लागते, कारण रात्री सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, एकदा गराडू (तळलेला कंद) आणि कचोरी खाल्ली की घरच्या कढईत तसलं काही होत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, आणि चायनीजची गाडी तर आता चौकाचौकात आहे. मग ओव्हनमधे हा उद्योग कशाला? तब्येतीसाठी वगैरे मी म्हणणार नाही, मैदा तो मैदाच. खरं कारण हे की घरी सात-आठ माणसं येणार असतील तर तळणारी व्यक्ती पूर्ण संध्याकाळ गॅससमोर उभी असते आणि बाकीचे हॉलमधे गप्पा मारत असतात, आणि बहुतेक घरांत ती व्यक्ती कोण असते ते सांगायला नकोच. ओव्हनमधे एका ट्रेवर पंधरा-वीस नग एकदम होतात, टायमर लावायचा आणि आपणही ग्लास घेऊन बाहेर जाऊन बसायचं.

फक्त तळायची रेसिपी तशीच्या तशी ओव्हनमधे घातली की रोल चिवट आणि पांढरट होतात, आणि मग लोक म्हणतात बेक केलेलं काही खरं नसतं. त्यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं आहे. पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० डिग्रीच्या आसपासच अडकून राहतं, आणि बदामी रंग आणि भाजल्याची चव साधारण १४० डिग्रीच्या पुढे यायला लागते. १८० डिग्रीचं तेल हे पाणी दोन-तीन मिनिटांत उडवून टाकतं कारण तेल सगळीकडून चिकटून उष्णता देतं. गरम हवेला तेच काम करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात आतलं सारण पाणी सोडत राहिलं तर पट्टी, म्हणजे बाहेरचं मैद्याचं आवरण, आतून भिजते. म्हणजे आपल्याला करायचंय काय, तर सारण कोरडं, पट्टी पातळ, वरून तेलाचा हात, आणि खालून-वरून हवा खेळती. खाली मी जे जे सांगणार आहे ते यातल्याच कशासाठी तरी आहे.

काय करायचं आणि काय नाही

मंचुरियन बेक करू नका. लोक करतात, व्हिडिओ पण आहेत, पण कोबीचे गोळे ओव्हनमधे वाळतात, कुरकुरीत होत नाहीत, आणि नंतर ग्रेव्हीत टाकायचे तर मग कशाला एवढा आटापिटा. तसंही मंचुरियन चीनमधलं नाहीच, नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामधे ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. चिली पोटॅटो जमतं, पण सॉसमधे घोळवलं की दोन मिनिटांत मऊ पडतं, त्यामुळे वाइनसोबत हळूहळू खायला ते उपयोगाचं नाही.

मी तीनच गोष्टी सुचवते. स्प्रिंग रोल, जे चीनमधे वसंताच्या सुरुवातीला, त्यांच्या नव्या वर्षाच्या सुमाराला खातात. वॉन्टन, जे तिकडे जास्त करून सूपमधे उकडून खातात पण तळलेलेही असतात. आणि तिसरं शाओबिंग, ज्याच्याबद्दल आपल्याकडे कोणाला फारसं माहीतच नसतं. ही उत्तर चीनमधली तीळ लावलेली पदरवाली भाकरी, ती मुळातच भट्टीत भाजतात, पारंपरिक पद्धतीत तर तंदूरसारख्या भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून. म्हणजे तिघांत हा एकच पदार्थ असा की जो बेक करताना आपण काही तडजोड करत नाही. वेळ कमी असेल तर बाकीचे दोन सोडा आणि हाच करा.

ओव्हनचं आधी

साधा २५-३० लिटरचा ओटीजी (रॉडवाला छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) असेल तर उत्तम. वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, फॅन असेल तर तोही चालू, २०० डिग्रीवर पूर्ण पंधरा मिनिटं प्रीहीट. दिवा लागला म्हणजे गरम झाला असं समजू नका, दिवा लवकर फसवतो. शक्य असेल तर आतमधे ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या, ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यात आणि खऱ्या तापमानात वीस-वीस डिग्रीचा फरक निघू शकतो.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडच लावा, कॉम्बिनेशन मोड नको, कारण मायक्रो चालू झालं की आतलं पाणी वाफ होऊन पट्टीत शिरतं. एअर फ्रायर या कामाला सगळ्यात भारी आहे पण एका वेळी सहा-सातच रोल बसतात, आठ माणसांना पुरायला तुम्ही परत किचनमधेच.

सिलिकॉन मॅट वापरू नका, ती कुकीजसाठी ठीक आहे पण इथे खालची बाजू ओली राहते. ट्रेवर तारेची जाळी ठेवून तिच्यावर रोल ठेवायचे, नाहीतर अॅल्युमिनियमचा काळा ट्रे ओव्हनमधेच तापवून घ्यायचा आणि गरम ट्रेवर माल मांडायचा. बटर पेपर लावायचाच असेल तर बेकिंगचा आहे ना ते पाकिटावर बघा, मेण लावलेला कागद २०० डिग्रीवर धूर करतो.

स्प्रिंग रोल

पट्टी विकत मिळते, फ्रोजन सेक्शनमधे, आणि ती घरच्यापेक्षा पातळ असते हे मान्य करायला लाज कशाला. फक्त ती आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रीजमधे काढून ठेवा, मायक्रोवेव्हमधे सोडवायला गेलात तर कडा चिकटून सगळ्या पट्ट्या एकच होऊन बसतात. सोडवताना ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याखाली ठेवायच्या, उघड्यावर पाच मिनिटांत त्या तडकतात, आणि आपल्या माळव्याच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत तर त्याहून लवकर.

घरी करायची असेल तर १२० ग्रॅम मैदा, १ टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, पाव टीस्पून मीठ आणि साधारण २५० मिली पाणी, गुठळी न ठेवता कालवून गाळून घ्यायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. नॉनस्टिक तवा अगदी मंद आचेवर, आणि हे पीठ पळीने ओतायचं नाही तर सिलिकॉनच्या ब्रशने तव्यावर रंग दिल्यासारखं पातळ लावायचं, भोकं दिसली तिथे परत एक फटकारा. कडा सुटायला लागल्या की अर्ध्या-पाऊण मिनिटात निघते, उलटायची नाही. ताटलीत एकावर एक ठेवताना मधे चिमूटभर कॉर्नफ्लोअर भुरभुरवा. बारा-पंधरा पट्ट्या होतात. पहिल्या दोन मुलांना खायला द्यायच्या, तव्याचा अंदाज यायला तेवढं लागतंच.

सारणाला लागेल:
पानकोबी २०० ग्रॅम, बारीक लांब चिरलेली
गाजर १०० ग्रॅम, किसलेलं नाही, काड्या केलेलं
सिमला मिरची एक मध्यम
फरसबी सात-आठ शेंगा, तिरक्या चिरून
कांद्याची पात चार काड्या
आलं-लसूण बारीक चिरून एकेक टेबलस्पून
सोया सॉस २ टीस्पून, पांढरी मिरपूड अर्धा टीस्पून, तेल १ टेबलस्पून
भिजवून, निथळून, कापलेल्या बारीक तांदळाच्या शेवया अर्धी वाटी

शेवया ऐच्छिक आहेत पण माझं ऐका आणि घाला, भाज्यांचं उरलंसुरलं पाणी त्या पिऊन टाकतात.

आता महत्त्वाचं. चिरलेल्या कोबीला अर्धा टीस्पून मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा आणि मग सुती पंचात घालून पिळा, चांगलं पिळा, जे पाणी निघेल ते बघूनच कळेल की नाहीतर हे सगळं रोलच्या पोटात गेलं असतं. कढई धूर येईपर्यंत तापवायची, तेल, आलं-लसूण, लगेच गाजर-फरसबी, मिनिटभराने कोबी आणि सिमला मिरची, सगळं मिळून तीन मिनिटांच्या वर नाही. सोया सॉस कढईच्या कडेने सोडा म्हणजे तो तिथल्या तिथे आटतो. मीठ चाखून मगच, कारण कोबीत आणि सोयामधे आधीच आहे. बऱ्याच रेसिपीत इथे कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घालतात, आपण नाही घालायचं, ते पाणी परत कशाला. शेवया आणि कांद्याची पात गॅस बंद करून मिसळा आणि सारण मोठ्या परातीत पसरून पंख्याखाली पूर्ण गार करा. कोमट सारण भरलं की आतली वाफ पट्टीला मऊ करते आणि मग ओव्हनमधे कितीही वेळ ठेवा. चिकन घालायचं असेल तर उकडून बारीक केलेलं किंवा पूर्ण परतलेला खिमाच घाला, कच्चा नाही. मशरूम घालणार असाल तर वेगळे परतून कोरडे करून मग.

गुंडाळताना पट्टी कोपरा आपल्याकडे येईल अशी ठेवायची, दोन टेबलस्पून सारण, एक घडी घट्ट, मग दोन्ही बाजू आत, मग शेवटपर्यंत गुंडाळत जायचं आणि टोकाला मैद्याची घट्ट खळ लावायची. आत हवा राहिली तर रोल फुगतो आणि फाटतो. जाडी आपल्या अंगठ्याएवढीच, हॉटेलसारखा जाडजूड रोल ओव्हनमधे आतून ओलाच राहणार.

आता तेल. तीन-चार रोलना मिळून एक टीस्पून एवढं तेल, ब्रशने सगळीकडून, टोकांना सुद्धा. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, जे घरात आहे ते. स्प्रे मारून भागवू नका, ठिपके पडतात आणि मधे मधे पट्टी पिठूळ राहते. जोड खाली करून जाळीवर, दोन रोलमधे बोटभर अंतर ठेवून, २०० डिग्रीवर एकूण १८ ते २२ मिनिटं. बाराव्या मिनिटाला उलटायचे, आणि उलटताना दार उघडलं की कोंडलेली वाफ बाहेर जाते तोही फायदा. शेवटची दोन मिनिटं नुसता वरचा रॉड, आणि तिथून हलू नका. एअर फ्रायरला १९० वर दहा-बारा मिनिटं पुरतात.

वॉन्टन

याचं पीठ करंजीच्या पारीपेक्षा घट्ट हवं. १२५ ग्रॅम मैदा, पाव टीस्पून मीठ, ६० ते ६५ मिली पाणी. सुरुवातीला वाटेल की भिजतच नाहीये, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि परत मळा, मग येतं. अर्धा तास विश्रांती, आणि मग कॉर्नफ्लोअर लावत लावत लाटा. खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं अंधुक दिसतील एवढी पातळ पोळी झाली पाहिजे, हात दुखले तरी. साधारण ८ सेंटिमीटरचे चौकोन, कातणाने कापले तर कड सुंदर येते आणि कोणी विचारलं तर डिझाइन आहे म्हणून सांगता येतं.

सारण कुस्करलेलं पनीर किंवा टोफू १०० ग्रॅम, कोरडे परतलेले मशरूम, पातीचा कांदा, आलं, मिरपूड आणि थोडा सोया. टोफू असेल तर वर वजन ठेवून अर्धा तास पाणी काढून घ्या. चीज भरलेले वॉन्टन मुलांना आवडतात, ते चीनमधून नाही अमेरिकेतल्या चायनीज हॉटेलांमधून आलेत, करा बिनधास्त, पण चीज कडेला लागलं तर वितळून बाहेर येतंच.

एकाला एक टीस्पून, जास्त नाही. पाण्याचं बोट फिरवून तिकोनी घडी घाला आणि हवा दाबून काढा. पोटलीचा आकार दिसायला छान असतो पण ओव्हनसाठी चुकीचा, गळ्यापाशी पदर जमतात तिथे कच्चं राहतं आणि वरची टोकं करपतात. दोन्ही बाजूंनी तेलाचा ब्रश, १९० डिग्री, १२ ते १४ मिनिटं. हे रोलपेक्षा भरकन लाल होतात. आणि खरं सांगायचं तर तळलेल्या वॉन्टनवर जे बुडबुडे येतात ते इथे येणार नाहीत, हे सपाट आणि खुटखुटीत होतात, ती वेगळी मजा आहे.

शाओबिंग

इथे मराठी हात एकदम घरचा होतो, कारण चिरोट्याला आपण साटा लावतो ना, अगदी तीच युक्ती. फक्त साट्यात तूप आणि तांदळाच्या पिठीऐवजी तेलात भाजलेला मैदा.

पीठ: २५० ग्रॅम मैदा (किंवा १५० मैदा आणि १०० कणीक, मला हे जास्त आवडतं), अर्धा टीस्पून मीठ, १ टीस्पून तेल, १५० मिली कोमट पाणी. मऊ मळून अर्धा तास झाकून.

साटा: ४ टेबलस्पून तेल गरम करून त्यात ५ टेबलस्पून मैदा मंद आचेवर हलका बदामी होईपर्यंत हलवा, खमंग वास आला की उतरवा, त्यात अर्धा टीस्पून मीठ आणि अर्धा टीस्पून तिरफळाची पूड.

तिरफळ वाचून दचकू नका. शाओबिंगमधे सिचुआन मिरी घालतात, आणि ती मिरी आणि आपलं कोकणातलं तिरफळ एकाच कुळातली झाडं आहेत, जिभेला येणारी झिणझिणी दोन्हीकडे तशाच प्रकारची. अगदी सारखी चव नाही, तिरफळाला लिंबा-संत्र्याच्या सालीचा वास जास्त, पण मसाल्याच्या दुकानात पाकीट शोधत फिरण्यापेक्षा रत्नागिरीच्या आत्याला फोन करणं सोपं. आतली काळी बी काढून टाकायची, ती कचकच लागते. नुसती सालं कोरडी भाजून खलबत्त्यात कुटायची. नसेल तर मिरपूड आणि थोडी भाजलेली बडीशेप कुटून घाला. जीरावन, म्हणजे आमचा पोह्यांवर भुरभुरवायचा मसाला, घालायचा मोह इंदूरच्या हाताला होणारच, तर होऊ दे, साट्यात नको पण गरम शाओबिंगवर चिमूटभर भुरभुरवलं तर वाईट लागत नाही.

पीठ ओट्यावर मोठं चौकोनी, पातळ लाटा, साटा सगळीकडे पसरवा, वर कांद्याची पात अगदी बारीक चिरून, मग घट्ट वळकटी आणि तिचे दहा तुकडे. प्रत्येक तुकड्याची दोन्ही कापलेली टोकं चिमटून बंद करायची म्हणजे साटा बाहेर येणार नाही, मग एकदा लांबट लाटून तीन घड्या आणि परत हलक्या हाताने लाटून चौकोन, अर्धा सेंटिमीटर जाड. जोर लावलात तर पदर एकमेकांत मिसळतात आणि साधी दशमी होते. वरच्या बाजूला साखरेचं पाणी लावा (एक टीस्पून साखर, दोन टेबलस्पून पाणी), आणि ती बाजू पांढऱ्या तिळांच्या ताटलीत दाबा. तीळ भाजलेले घेऊ नका, ओव्हनमधे भाजले जातातच, आधी भाजलेले कडू होतात. तीळ वर ठेवून गरम ट्रेवर २०० ते २१० डिग्री, २० ते २२ मिनिटं. यांना वरून तेल लावायची गरज नाही, आत आहे तेवढं पुरे.

सॉस बाजूलाच

कुरकुरीत गोष्टीवर सॉस ओतायचा नाही, वाटीत द्यायचा. २ टेबलस्पून सोया, १ टेबलस्पून व्हिनेगर, १ टीस्पून साखर, आल्याच्या बारीक काड्या आणि भाजलेल्या तिळाची पूड. चीनमधे याला तांदळापासून केलेलं काळं व्हिनेगर घेतात, झेनजियांग शहराचं त्यासाठी नाव आहे, आपल्याकडे नेहमीचं चालतं पण थोडं कमी घ्या, ते जास्त झोंबतं. आपलं घाण्याचं तिळाचं तेल त्यांच्या तिळाच्या तेलाच्या जागी चालत नाही, ते लोक तीळ चांगले भाजून तेल काढतात म्हणून तो वास येतो, म्हणून मी तिळाची पूड म्हटलं.

बाटलीतली शेजवान चटणी ठेवायची असेल तर लांब ठेवा. तिचा वाइनशी झगडा आहे, का ते आता सांगते.

वाइनचं गणित

बरेच जण वाइन म्हणजे रेड असं धरून चालतात आणि मग सोया-मिरचीसोबत ती कडू लागली की म्हणतात आपल्याला वाइन झेपत नाही. तिखटाची आग ज्या नसांना जाणवते त्याच नसांना अल्कोहोलही चेतवतं, म्हणजे जितकी वाइन कडक तितकी मिरची जास्त झोंबणार. रेड वाइनमधे द्राक्षाच्या सालीचं टॅनिन असतं, त्याने तोंड कोरडं पडतं, आणि सोया सॉस-मशरूमची ती गाढ मांसल चव टॅनिनला आणखी कडवट करते. याउलट थोडी गोडी तिखट शमवते, आंबटपणा तेल कापतो, आणि बुडबुडे खारट-कुरकुरीत गोष्टीबरोबर छान लागतात. म्हणून निवड अशी करा: पांढरी किंवा रोझे किंवा स्पार्कलिंग, अल्कोहोल बेताचं, थोडी गोड किंवा चांगली आंबट, आणि थंड.

स्प्रिंग रोलला शेनिन ब्लाँ. नाशिकच्या वायनरीज ही द्राक्षं खूप लावतात, सुलाची शेनिन ब्लाँ तर किंचित गोडसरच असते, आणि व्हिनेगरच्या सॉसशी ती भांडत नाही. पहिल्यांदा पिणारे पाहुणे असतील तर हीच आणा. रीजलिंग मिळाली तर तीही याच कामाची, आणि आलं जास्त असेल तर जास्त चांगली.

वॉन्टनला ब्रूट, म्हणजे कोरडी स्पार्कलिंग. पनीर-मशरूमच्या सौम्य सारणाला गोडी लागत नाही, बुडबुडे पुरतात. शाओबिंगला माझं मत सोव्हिन्यों ब्लाँ, तिच्यात हिरव्या गवताचा, सिमला मिरचीचा जो वास असतो तो कांद्याच्या पातीशी आणि तिरफळाशी जमतो, पण एकच बाटली उघडायची असेल तर ब्रूट तिन्हीला चालते. तिखट जास्त ठेवणारच असाल तर झिनफांडेल रोझे.

रेडशिवाय ज्यांचं होत नाही अशा काकांसाठी हलकी, कमी टॅनिनची घ्या, अकलूजच्या फ्रातेल्लीची साधी सँजोव्हेजे वगैरे, ओकच्या पिंपात ठेवलेली रिझर्व्ह शिराज आज नको. आणि रेड खोलीच्या तापमानाला द्यायची हे वाक्य युरोपातल्या खोल्यांसाठी आहे, तिकडे ते १६-१८ डिग्री. मे महिन्यात राजेंद्र नगरच्या दुसऱ्या मजल्यावर खोलीचं तापमान म्हणजे काढाच, त्यामुळे रेडसुद्धा अर्धा-पाऊण तास फ्रीजमधे ठेवून काढा.

पांढरी ८ ते १० डिग्री, स्पार्कलिंग ६ ते ८. फ्रीजमधे तीन तास, किंवा घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली वीस मिनिटं गळ्यापर्यंत बुडवा. नुसत्या बर्फात वेळ लागतो, पाणी हवंच. फ्रीजरमधे ठेवून विसरलात तर स्पार्कलिंगची बाटली फुटू शकते. उघडताना तारेची जाळी काढल्यापासून बुचावरून अंगठा हलवायचा नाही, बाटली तिरकी, बूच धरून ठेवायचं आणि बाटली फिरवायची, हळूच फुस्स व्हायला हवं, सिनेमासारखा आवाज काढाल तर अर्धी वाइन सोफ्यावर.

७५० मिलीची बाटली म्हणजे १५० मिलीचे पाच ग्लास, सहा जणांना दोन बाटल्या पुरतात. घेताना पांढऱ्या वाइनवर वर्ष बघा, अलीकडचं जितकं तितकं चांगलं, आणि दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, उन्हाने ती आधीच शिजलेली असते. घरी पण माळ्यावर नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडवी. आणि उज्जैनच्या भावजींना सांगाल येताना एक बाटली घेऊन या, तर तिकडे १ एप्रिल २०२५ पासून दुकानंच बंद आहेत, महेश्वर-ओंकारेश्वरलाही तेच, तेव्हा आणायची ती इंदूरमधूनच. मध्य प्रदेशात २१ वर्षांखालच्यांना द्यायची नाही, कॉलेजची भाची कितीही म्हणाली तरी. गाडी चालवत परत जाणारे, आणि आजी, यांच्यासाठी कोकम सरबत सोडा घालून, साखर कमी. त्याचा आंबटपणा तेच काम करतो, आणि ग्लास पण वाइनचाच द्या.

तसं चीनमधेही द्राक्षाची वाइन काही कालची नाही, यांताईची चांगयू वायनरी १८९२ सालची आहे. पण तिकडे जेवणात जास्त जुनी ती तांदळाची पिवळी वाइन, शाओशिंगची. ती इथे मिळाली तर सारणात एक चमचा घाला.

त्या संध्याकाळी

आदल्या दिवशी सारण करून, गार करून फ्रीजमधे. रोल सकाळी भरून ठेवायचे असतील तर झाकून फ्रीजमधे चार-पाच तास चालतात, त्याच्या वर पट्टी ओली व्हायला लागते, मग फ्रीजरच बरा. ताटलीवर सुटे सुटे गोठवायचे, कडक झाले की पिशवीत भरायचे, आणि बेक करताना सोडवायचे नाहीत, गोठलेल्यालाच तेल लावून १९० वर पंचवीस मिनिटं.

पाहुणे आठला येणार असतील तर साडेसातला शाओबिंग टाका, ते अर्धा तास बाहेर राहिले तरी काही बिघडत नाही. लोक बसले, पहिली ब्रूट उघडली की वॉन्टन. ते संपत आले की रोल, आणि तेव्हा शेनिन ब्लाँ काढा. एकदम सगळं टेबलावर मांडायच्या भानगडीत पडू नका. थांबवून ठेवायची वेळ आलीच तर जाळीवर ठेवून १०० डिग्रीच्या ओव्हनमधे, दाराला लाकडी चमचा अडकवून फट ठेवून. कॅसरोलमधे ठेवले की संपलंच, वाफेने पाच मिनिटांत मऊ. पावसाळ्यात तर बाहेर ताटलीतही दहा-पंधरा मिनिटांच्या वर टिकत नाहीत, जुलै-ऑगस्टमधे म्हणूनच मी दोन छोटे घाणे करते, एक मोठा नाही.

उरलेले रोल दुसऱ्या दिवशी १८० वर पाच-सहा मिनिटं, मायक्रोवेव्ह नको. शाओबिंग बंद डब्यात दोन दिवस राहतात, तव्यावर गरम करून सकाळच्या चहाबरोबर पोह्यांच्या जागी खा. पांढऱ्या वाइनची उघडी बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमधे तीन दिवस ठीक राहते, स्पार्कलिंगचे बुडबुडे दुसऱ्या दिवशीच गेलेले असतात, तेव्हा ती त्याच रात्री संपवा.